घर पाहावे सोमवारी

बदलापूर, वांगणी, टिटवाळा, आसनगाव, विरार, बोईसर, तळोजे. मुंबईत नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याच्या बोलण्यात ही नावे एक ना एक दिवस येतातच. मूल व्हायचे असते किंवा नुकतेच झालेले असते. भाड्याची जागा अपुरी पडू लागते आणि अकरा महिन्यांचा करारही संपत आलेला असतो. मग एका रविवारी सगळे घर पाहायला निघतात. गाडीला गर्दी नसते, खिडकीजवळ जागा मिळते. स्टेशनाबाहेर बिल्डरची गाडी उभी असते. सॅम्पल फ्लॅटमध्ये वारा खेळता असतो, गॅलरीतून डोंगर दिसतो, खाली मुलांसाठी घसरगुंडी असते. त्याच दुपारी टोकन दिले जाते आणि पुढच्या वीस वर्षांचा निर्णय होऊन जातो.

या निर्णयामागची ओढ रास्त आहे. मुलाला खेळायला जागा असावी, आईवडिलांना स्वतंत्र खोली असावी, घरमालकाच्या मर्जीवर बिऱ्हाड हलवावे लागू नये, यात चुकीचे काही नाही. मुंबईतल्या किमती पाहता या कुटुंबांपुढे फार वाटा उरलेल्याही नाहीत. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगणे निकडीचे वाटते. रविवारी पाहिलेल्या घरात सोमवारी राहावे लागते. गर्दीची सकाळ, जुलैचा पाऊस, मे महिन्यातला कोरडा नळ आणि मूल तापाने फणफणलेली रात्र, हे सगळे त्या सोमवारात येते. या दिवसांवर ज्या वस्तीची पारख झालेली नाही, ती मुलाबाळांसाठी चांगली आहे असे धरून चालणे धोक्याचे आहे.

पहिला हिशेब वेळेचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे आणि चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटरवर. जाहिरातीत हे अंतर मिनिटांत सांगतात आणि ती मिनिटे फक्त गाडीतली असतात. घरातून निघून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहणे, पूल चढणे, पहिली गाडी सोडून दुसरीत शिरणे, उतरल्यावर पुन्हा बस किंवा रिक्षा, हे त्यात धरलेले नसते. वांद्रे-कुर्ला संकुलात काम करणारा बदलापूरचा माणूस सकाळी सव्वासातला घर सोडतो, तेव्हा कुठे साडेनऊच्या आत कचेरीत पोचतो. परतीचा प्रवासही तेवढाच. दिवसाचे चार तास धरले आणि वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले, तर वर्षाला एक हजार तास होतात. वीस वर्षांच्या कर्जफेडीत ते वीस हजार तास होतात, म्हणजे रात्र आणि दिवस मिळून सव्वादोन वर्षांहून अधिक. घराच्या किमतीत हा आकडा कोणी धरत नाही आणि करारनाम्यातही तो लिहिलेला नसतो.

ही गर्दी जिवावरही बेतते. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्र्यादरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्यातली एक गाडी कसाऱ्याहून येत होती, दुसरी कर्जतकडे निघाली होती. परवडणारे घर शोधत माणसे ज्या टोकांना गेली, त्याच टोकांच्या या गाड्या. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने लोकल आणि मेल-एक्स्प्रेस वर्षानुवर्षे दोनच मार्गिकांवर धावत आल्या. बदलापूरपर्यंतच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळायला २०१९ साल उजाडले. तोवर इमारती उभ्या राहून भरूनही गेल्या होत्या. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती आणि २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. जिथे किती माणसे राहतात हे नीट मोजलेले नाही, तिथे गाड्या, पाणी, शाळा आणि खाटा किती लागतील हे ठरवणार कसे?

आता हाच हिशेब मुलाच्या बाजूने मांडू. चार वर्षांचे मूल सकाळी सातला उठते आणि रात्री नऊच्या सुमारास झोपते. आईवडील दोघेही मुंबईला जात असतील, तर त्या चौदा तासांतला जेमतेम एक तास त्यांच्या वाट्याला येतो आणि तोही दिवसअखेरचा, दोघेही दमलेले असतानाचा. उरलेले तेरा तास शाळा, व्हॅनवाले काका, पाळणाघर आणि आजी-आजोबा यांच्यावर असतात. आजी-आजोबा सोबत असतील तर उत्तमच. पण त्यांची ओळखपाळख, देऊळ, डॉक्टर आणि भजनी मंडळ गिरगावात किंवा परळला सुटलेले असते आणि साठीनंतर नव्या गावात ते पुन्हा जमवावे लागते. अनेक घरांत शेवटी आईच नोकरी सोडते. कर्ज मात्र दोन पगारांच्या भरवशावर घेतलेले असते. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६ हजार रुपये बसतो. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची व्हॅन, रिक्षा आणि उन्हाळ्यातला टँकर. एक पगार थांबला की हा सारा भार दुसऱ्यावर येतो आणि तो दुसरा माणूस आणखी उशिरा घरी येऊ लागतो. घर घेण्याआधी जोडप्याने मोकळेपणाने बोलायची गोष्ट ही आहे, आणि नेमके तिच्याविषयीच बोलले जात नाही.

दिवसभर कर्ती माणसे गावाबाहेर असण्याचा आणखी एक परिणाम आहे. मुलांवर लक्ष ठेवणारे, शाळेत जाऊन प्रश्न विचारणारे आणि वेळ पडल्यास धावून जाणारे प्रौढ त्या वस्तीत कमी उरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेतली जावी म्हणून पालकांना तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर रेल्वे थांबली. असा गुन्हा कोणत्याही शहरात घडू शकतो आणि त्याचा दोष गुन्हेगाराचा व त्याला पाठीशी घालणाऱ्यांचाच असतो, गावाचा नव्हे. पण लहान मुलांच्या शाळेत शौचालयापर्यंत मुलांसोबत कोण जाते, कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली आहे का, शाळेत कॅमेरे चालू आहेत का, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी-सावित्री समिती कागदावर आहे की तिच्या बैठका होतात, हे प्रश्न प्रवेश घेताना विचारायला हवेत. पुढेही ते विचारत राहायला हवेत आणि त्यासाठी पालकांपैकी एकाला तरी दिवसाउजेडी गावात असणे जमले पाहिजे. शाळेच्या इमारतीच्या देखणेपणावरून याचे उत्तर मिळत नाही.

यानंतर जमीन पाहायची. कर्जतच्या वरच्या डोंगरांत पाऊस कोसळला की उल्हास नदी काही तासांत बदलापूरला फुगते, मग गावात तेवढा पाऊस पडलेला असो वा नसो. २६ जुलै २००५ ला या नदीने काठच्या वस्त्या बुडवल्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. दोन्हींमध्ये चौदा वर्षांचे अंतर आहे. म्हणजे एका गृहकर्जाच्या मुदतीत असे दोन पूर येऊन गेले. जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर दिसते. ते पाहिल्याशिवाय नदीच्या काठचे, ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकले जाणारे घर घेणे म्हणजे मुलांना पुराच्या वाटेत नेऊन ठेवणे होय.

पश्चिम रेल्वेच्या बाजूला वसई-विरारची गोष्ट वेगळी नाही. मिठागरे, खाडी आणि भातशेतीच्या सखल जमिनी भराव घालून उंच केल्या गेल्या आणि पाणी मुरायची व वाहायची जागा नाहीशी झाली. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर इतके पाणी साचले की गाड्या बंद पडल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीचे कार्यकर्ते विहिरी, बागायती आणि पाण्याच्या वाटा वाचवण्यासाठी त्याआधी कितीतरी वर्षे झगडत होते. त्यांच्या चळवळीकडे विकासाला विरोध म्हणून पाहिले गेले. आज पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी असताना आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताना त्या इशाऱ्याचा अर्थ कळतो.

पाण्याच्या बाबतीत धरणाची जवळीक फसवी असते. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत आणि मुंबई त्यांचे पाणी पिते. त्याच तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. आसनगाव किंवा वासिंदला घर घेणाऱ्याने धरण किती जवळ आहे हे विचारण्यात अर्थ नाही. या इमारतीला पालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे नळजोड मिळाले आहे का, आठवड्यातून किती दिवस आणि किती तास पाणी येते, मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला, हे विचारायचे. याचे खरे उत्तर विक्री कचेरीत मिळत नाही. शेजारच्या, पाच वर्षे वसलेल्या इमारतीच्या सोसायटीच्या खर्चाच्या वहीत ते मिळते.

हवेचीही खात्री करावी. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. काचा आजूबाजूच्या घरांच्याही फुटल्या. कारखाने आधी आले होते. मधली मोकळी जागा राखली गेली नाही आणि वस्ती त्यांना येऊन भिडली. तळोजे परिसरातही रासायनिक वासाच्या तक्रारी रहिवासी वर्षानुवर्षे करत आहेत. हा वास बहुधा रात्री आणि पहाटे येतो. रविवारच्या दुपारी तो कळत नाही.

सर्वांत मोठी फसगत कागदात होते. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत ४१ इमारती उभ्या राहिल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. माणसांनी तिथे पैसे मोजून घरे घेतली आणि मुले वाढवली. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला त्या इमारती पाडून झाल्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या. त्याच बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. विरारमध्ये ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तिला उभी राहून पंधरा वर्षेही झाली नव्हती. २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडून ७४ जणांचा मृत्यू झाला, तो धडा बारा वर्षांनंतरही आपण शिकलेलो नाही.

या घटनांवरून खूणगाठ बांधावी ती अशी. वीजमीटर, घरपट्टीची पावती, बँकेचे कर्ज आणि रेराचा क्रमांक यांतली एकही गोष्ट इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते. महारेराने १ मे २०१७ पासून ग्राहकाच्या हाती मोठे बळ दिले हे खरे, पण तिथे चढवलेल्या कागदाचा खरेपणा मूळ कचेरीत जाऊन तपासावा लागतो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा यांवरचा जावक क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जावे, विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर आरक्षण आहे का ते पाहावे, सातबारा आणि अकृषिक परवानगी वकिलाकडून तपासून घ्यावी. तो वकील बिल्डरने सुचवलेला नसावा. कचेरीतून दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ताबा घेऊ नये. या धावपळीत काही रजा खर्ची पडतील, एखादी ‘आजच बुक केल्यास’ मिळणारी सवलत हुकेल. हुकू द्यावी.

भविष्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोष्टींबाबतही सावध राहावे. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबई मेट्रोचे काम १ मे २०११ ला सुरू झाले आणि पहिली गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला धावली. अकरा किलोमीटरच्या मार्गाला साडेबारा वर्षे लागली. मेट्रो येणार म्हणून २०११ मध्ये तळोज्यात घर घेतलेल्याचे तान्हे मूल मेट्रोत पहिल्यांदा चढले तेव्हा सातवीत गेलेले होते. नवी मुंबईच्या विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. प्रकल्प अखेर पूर्ण होतात, पण मुलाचे बालपण त्यांच्यासाठी थांबत नाही. जे आज धावते, वाहते आणि उघडे आहे, तेवढ्याच्याच जोरावर निर्णय घ्यावा.

दवाखान्याचेही तसेच. रात्री दोनला बाळाला धाप लागली, तर बालरोगतज्ज्ञ जागेवर असलेले आणि नवजात अतिदक्षता कक्ष असलेले रुग्णालय किती दूर आहे, वाटेत रेल्वेचे फाटक आहे का, हे आधी माहीत हवे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या दूरदूरच्या गावांचा भार त्या एका रुग्णालयावर येतो, हे तेव्हा सगळ्या राज्याला कळले. दूरच्या उपनगरात घर घेणारा माणूस त्या भारात आपल्या कुटुंबाची भर घालत असतो.

मग शहराबाहेर राहूच नये का? तसे मुळीच नाही. मराठी मध्यमवर्गासाठी डोंबिवली हे एकेकाळी असेच दूरचे टोक होते. तिथे लोकांनी शाळा काढल्या, वाचनालये चालवली, व्याख्यानमाला भरवल्या. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये तिथूनच सुरू झाली आणि पुढे गावोगावी गेली. म्हणजे वस्ती मुलाबाळांसाठी चांगली होते ती तिथल्या माणसांनी तिला दिलेल्या वेळामुळे. नेमका तोच वेळ लांबचा प्रवास खाऊन टाकतो, आणि सरळ अंतरापेक्षा मला याची अधिक काळजी वाटते. ज्या वस्तीत पालकसभेला कोणी येत नाही, सोसायटीच्या बैठकीला गणसंख्या भरत नाही आणि नगरसेवकाला जाब विचारायला कोणाला सवड नाही, तिथे पाणी, शाळा आणि रस्ता आपोआप सुधारत नाहीत. म्हणून घर पाहताना त्या परिसरात संध्याकाळी सहा वाजता फेरी मारावी. मैदानात मुले आहेत का, मोठी माणसे कट्ट्यावर आहेत का, मुली एकट्या क्लासला जाऊ शकतात का, हे पाहावे. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हे दृश्य अधिक खरे सांगते.

सगळा भार घर घेणाऱ्याच्या शहाणपणावर टाकणेही अन्यायाचे आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उठले आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्याच कामगारांना शेलू-वांगणीला घरे देऊ केली गेली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर आले आणि घर मुंबईतच हवे म्हणाले. हा हट्ट नव्हे. घराबरोबर रोजगार, दवाखाना आणि नातीगोती येतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. शहरात रास्त भाड्याची पक्की घरे उभी करणे, परवानगी देण्याआधी पाणी आणि रेल्वेची क्षमता तपासणे, आणि अनधिकृत इमारतीच्या कागदांवर सही करणाऱ्याला व ती बांधणाऱ्याला आधी शिक्षा करून मग रहिवाशांना हात लावणे, ही सरकारची कामे आहेत. ती होत नाहीत तोवर या फसवणुकीची किंमत तरुण कुटुंबे आपल्या मुलांच्या वर्षांनी मोजत राहतील.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. ज्या गावात घर घ्यायचे आहे तिथे आधी एक वर्ष भाड्याने राहून पाहावे. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि एक शालेय वर्ष त्यात पुरे होते आणि हे भाडे वीस वर्षांच्या चुकीपेक्षा स्वस्त पडते. ते जमत नसेल तर निदान एका सोमवारी सकाळी सातला त्या स्टेशनावरून आपल्या कचेरीपर्यंत आणि संध्याकाळी परत असा प्रवास दोघांनीही करावा. आणि घरे पाहायला निघण्यापूर्वीच तीन मर्यादा कागदावर लिहून ठेवाव्यात: दिवसाचा जास्तीत जास्त प्रवास किती, एका पगारावर झेपेल असा हप्ता किती, आणि आई किंवा बाबा मुलासोबत जागे असतील असे कमीत कमी तास किती. यातली एकही मर्यादा मोडत असेल तर ते घर कितीही देखणे असले तरी घेऊ नये. लहान घरात, भाड्याच्या घरात मूल वाढू शकते. आईबापांच्या सहवासावाचून त्याची गेलेली वर्षे मात्र कर्ज फिटल्यावरही परत मिळत नाहीत.